साहेबांचा मूड कोण वाचतं?

बँकेच्या कुठल्याही शाखेत रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर जाण्याआधी शिपायाच्या कानावरून जातो. "मामा, आत वातावरण कसं आहे?" एवढंच विचारायचं. मामांनी नुसती मान हलवली की अर्ज परत ड्रॉवरमध्ये. "जेवणं होऊ द्या" म्हणाले तर अडीचनंतर बघायचं. आणि "आत्ता जा, आत्ताच" म्हणाले तर हातातलं व्हाउचर तसंच ठेवून उठायचं, कारण अशी वेळ फार टिकत नाही. मी क्लार्क म्हणून बँकेत लागले आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात गावं बदलली, साहेब बदलले, लेजरं जाऊन कॉम्प्युटर आले. हा रिवाज मात्र प्रत्येक शाखेत जसाच्या तसा भेटला. मामा कुठे भाऊ होते, कुठे काका होते, एका शाखेत मावशी होत्या.

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी जे मामा होते, त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. एकदा दुपारच्या चहाला मी त्यांना विचारलं, "मामा, तुम्हाला कळतं तरी कसं?" त्यांनी कामाची माहिती द्यावी तसं सांगितलं. साहेबांनी आल्या आल्या बॅग खुर्चीशेजारी खाली ठेवली तर दिवस बरा. टेबलावरच ठेवली आणि उघडलीही नाही, तर कुठून तरी फोन यायचाय, तो येऊन जाईपर्यंत आत जायचं नाही. बेल एकदा वाजली तर पाणी किंवा फाइल. दाबून धरली तर आत कुणी बडी आसामी बसलीय, चहा लगेच न्यायचा आणि कामाचं एक अक्षर काढायचं नाही. झोनल ऑफिसचा फोन साहेबांनी उठून उभं राहून घेतला तर बोलणी खाताहेत. डबा अर्धा परत आला तर त्या दिवशी कर्जाची प्रकरणं पुढे सरकवायची नाहीत. मी म्हटलं, "आणि चेहरा?" तर म्हणाले, "चेहऱ्याचं काय खरं नसतं मॅडम. साहेब लोकांना चेहरा सांभाळायची सवय असते. हाताकडं बघायचं."

या विषयावर नंतर मी बरंच वाचलं, पण मामांच्या त्या वाक्याच्या पुढे जाणारं त्यात थोडंच होतं.

मामांना हे सगळं शिकावं का लागलं, हा प्रश्न मला त्यांच्या हुशारीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ते शाखेत रोजंदारीवर लागले होते. कायम होण्याची वाट बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्या काळात उद्या कामावर यायचं की नाही, हे साहेबांच्या एका शब्दावर ठरायचं. चुकीच्या वेळी आत गेले असते तर त्याची किंमत त्यांच्या घराने मोजली असती. क्लार्कला रजा आणि बदलीसाठी साहेब कळावे लागतात. शाळेत जाणारं मूल असलेल्या बाईला तर पाच वाजता उठता येईल की नाही हे सकाळी अकराला ओळखावं लागतं, म्हणजे शेजारणीला फोन करून मुलाची सोय करता येते. साहेबांना झोनल मॅनेजर कळावे लागतात. प्रत्येक जण वरच्याकडे बघत असतो. साहेबांना मात्र खालच्या कुणाचा मूड ओळखल्यावाचून अडत नाही, आणि ज्याच्यावाचून अडत नाही ते माणूस सहसा शिकत नाही.

केबिनमध्ये बसायला लागल्यावर मला याची दुसरी बाजू दिसली. हॉलमध्ये टेबलाला टेबल लावून बसतो तेव्हा शेजारणीचं डोकं दुखतंय, कालचं भांडण अजून मिटलेलं नाही, मुलाचा निकाल लागलाय, हे तिने सांगायच्या आधी कळतं. तिच्या चहाच्या कपावरून कळतं, ती खुर्ची कशी ओढते त्यावरून कळतं. केबिनमध्ये येणारा माणूस मात्र तयार होऊन येतो. दाराबाहेर त्याने चेहरा नीट केलेला असतो, मनात वाक्य जुळवलेलं असतं. साहेबांना दिवसभर दिसतात ते असे आवरलेले चेहरे. मग साहेब प्रामाणिकपणे म्हणतात की आमच्या शाखेत सगळे खूश आहेत. ते खोटं बोलत नसतात. त्यांच्यापर्यंत तेवढंच पोचलेलं असतं.

आमच्याकडे अधिकाऱ्यांना 'भावनिक बुद्धिमत्ता' या विषयावर प्रशिक्षणाला पाठवत. ही कल्पना पीटर सालोवी आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडली आणि १९९५ च्या डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती जगभरच्या ऑफिसांत पोचली. प्रशिक्षणात पडद्यावर चेहरे दाखवायचे आणि हा रागावलाय, हा घाबरलाय, ही वैतागलीय असं ओळखायला सांगायचे. मामांना कुणी अशा प्रशिक्षणाला पाठवलं नाही. शिकायची गरज ज्यांना होती त्यांनाच पाठवलं, असं म्हटलं तर व्यवस्था बरोबरच होती. पण शिकवलं जात होतं ते मात्र फोटोतला चेहरा बघून निदान करायला, आणि ऑफिसात सर्वांत जास्त घोळ होतो तो त्यातूनच.

त्या चेहऱ्यांच्या फोटोंमागे एक इतिहास आहे. पॉल एकमन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीला गेले. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेल्या फोरे लोकांना त्यांनी चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि आनंद, राग, दुःख, भीती, किळस, आश्चर्य यांचे चेहरे जगभर सारखेच असतात असा निष्कर्ष काढला. पुढे कित्येक वर्षं तो जवळजवळ सर्वमान्य होता. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकारी शास्त्रज्ञांनी हजाराहून अधिक शोधनिबंध चाळून त्याची फेरतपासणी प्रसिद्ध केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. रागावलेला माणूस दर वेळी कपाळाला आठ्या घालत नाही, बहुतेक वेळा घालतच नाही. आणि आठ्या घातलेला माणूस रागावलेलाच असेल असंही नाही, तो नुसता मन लावून विचार करत असू शकतो.

हे वाचलं तेव्हा मला आमची प्रोबेशनरी ऑफिसर आठवली. आंध्रातली मुलगी, पहिलीच नेमणूक, आणि तीही आमच्या ग्रामीण शाखेत. आठ दिवसांत शाखेने तिच्यावर शिक्का मारला की पोरगी गर्विष्ठ आहे. लक्षणं सगळी जुळत होती. काउंटरवर एखादे आजोबा "मॅडम, माझं ते अनुदान आलंय का बघा की जरा" म्हणाले की ती भुवया आवळून त्यांच्याकडे रोखून बघायची. चहाच्या वेळी सगळे हसले की ही शेवटी हसायची, तेही उगाच हसल्यासारखं. कुणाशी आपणहून बोलणं नाही, डोळे सतत समोरच्याच्या तोंडावर. दोन-तीन आठवड्यांनी तिला चहाला हाक मारणंही बंद झालं. "साहेबीण आहे बाबा, आपल्यात कशाला येईल" असं एकाने म्हटलं आणि इतरांना ते पटलं.

तिच्या शेजारी आमच्या एक ज्येष्ठ क्लार्क बसायच्या. एका दुपारी तिचा पेन खाली पडला, तो उचलताना त्यांना तिच्या मांडीवर उघडी असलेली वही दिसली. एका बाजूला तेलुगू अक्षरांत शब्द लिहिलेले होते, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत अर्थ. तेलुगू काही त्यांना वाचता येईना. त्यांनी विचारलं, "मॅडम, हे काय लिहिताय?" तिने लाजत वाचून दाखवलं. हप्ता. वारस. अंगठा. थकबाकी. नंतर या. बघा की. काउंटरवर दिवसभर कानावर पडणारे शब्द ती जसे ऐकू येतील तसे लिहून ठेवत होती आणि रात्री खोलीवर जाऊन पाठ करत होती. ज्याला गर्व म्हणत होतो ते परक्या भाषेत ऐकण्याचे कष्ट होते. समोरच्याचा एक शब्दही सुटू नये म्हणून जो माणूस जीव एकवटून ऐकतो, त्याच्या भुवया आवळल्या जातात, नजर रोखली जाते, आणि विनोद कळायला वेळ लागतो म्हणून हसू मागून येतं. चेहऱ्यावरचं सगळं खरं होतं, लावलेला अर्थ चुकीचा होता. त्या बाईंनी हे शाखेत सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली होती. पुढची दोन वर्षं तिला मराठी शिकवण्यात अख्ख्या शाखेने हौसेने भाग घेतला. या मुलीबद्दल शेवटी अजून थोडं सांगायचं आहे.

आपल्याकडच्या जुन्या लोकांनी याचा विचार जास्त बारकाईने केला होता असं मला वाटतं. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव आहेत, पण त्यांच्या जोडीला तेहेतीस व्यभिचारी भाव आहेत, म्हणजे येणारे-जाणारे, क्षणभर टिकणारे. त्यात शंका आहे, असूया आहे, श्रम आहे, दैन्य आहे, चिंता आहे. आणि त्यातच अवहित्थ नावाचा एक भाव आहे, म्हणजे आपल्या मनातलं बाहेर दिसू न देणं. लपवणं हाही एक भावच, असं भरत धरतो. त्याची कारणं तो देतो ती लाज, भीती, पराभव, थोरामोठ्यांविषयीचा आदर, कपट. लक्षणंही देतो. भलतंच काहीतरी बोलणं, दुसरीकडे बघणं, बोलता बोलता मध्येच विषय तोडणं, उसना धीर दाखवणं. महिन्याच्या शेवटी थकबाकीच्या आढावा बैठकीत जो बसला आहे, त्याला ही यादी समजावून सांगावी लागणार नाही. बैठकीत राग फार कमी दिसतो, रडू जवळपास नाहीच. दिसतं ते हे. "सर, बाकी सगळं ठीक आहे, तो प्रिंटर तेवढा बदलून मिळाला असता तर बरं झालं असतं." ज्याची झोप उडालीय तो प्रिंटरबद्दल बोलत असतो. आणि आदर हे लपवण्याचं कारण म्हणून भरताने भीतीच्या बरोबरीने मांडलंय, हे मला फार खरं वाटतं. आमच्याकडे कितीतरी लोक साहेबांना घाबरून गप्प बसत नाहीत. त्यांच्यासमोर आपलं रडगाणं कशाला, या मर्यादेपोटी गप्प बसतात. साहेबांना मात्र दोन्ही गप्पपणं सारखीच दिसतात.

मग करायचं काय? घरी, शाळेत, ऑफिसात आपल्याला एकच सल्ला मिळत आलाय. स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघ. तळमळीने दिलेला सल्ला आहे आणि माणूस त्याने मऊ होतो हेही खरं. पण समोरच्याच्या मनात काय चाललंय हे त्याने कळतं का? ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली या संशोधकांनी पंचवीस प्रयोग करून हेच तपासलं आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वतःला दुसऱ्याच्या जागी कल्पून अंदाज बांधणाऱ्यांची अचूकता वाढली नाही. अचूकता वाढली ती समोरच्याला विचारल्यावर. मला याचं नवल वाटलं नाही. त्याच्या जागी मी गेले तरी जाणार तर मीच. माझी भीती, माझी सासू, माझं कर्ज घेऊनच मी तिथे बसणार.

विचारणं म्हणजे मात्र काय, यावर थोडं थांबायला हवं, कारण ऑफिसात विचारण्याचेही वाईट प्रकार पुष्कळ आहेत. भर हॉलमध्ये "काय हो, आज चेहरा का पडलाय?" असं विचारणं हा त्यातला सर्वांत वाईट. त्यात काळजी थोडी आणि इतरांना ऐकवणं जास्त असतं.

आमच्याकडे एक हेड कॅशियर होते. बोलका माणूस. नोटा मोजतानाही गप्पा चालू असत आणि मोजणी कधी चुकत नसे. संध्याकाळी कॅश जुळली की ते मोठ्याने "टॅली!" म्हणायचे आणि अख्खी शाखा खुर्च्या मागे सारायची. एका आठवड्यात त्यांचं काहीतरी बदललं. चेहरा नेहमीसारखाच होता, उलट जास्त हसरा होता. पण मशीनवर मोजलेलं पाकीट ते पुन्हा हाताने मोजत होते आणि मोजून झालं की तेच पाकीट परत उचलत होते. स्लिपांच्या कडा जुळवून, परत जुळवून रबर लावत होते. संध्याकाळी कॅश जुळायची, पण "टॅली" ऐकू येईना. ते नुसते उठायचे. शाखेत अंदाज सुरू झाले. कुणी म्हणालं, कॅश शॉर्ट आली असेल आणि खिशातून भरली असेल. कुणी म्हणालं, मुलीच्या लग्नाचं फिसकटलं. आम्ही सगळे त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होतो, तरी सगळ्यांचे अंदाज वेगवेगळे होते.

बँकेत तिजोरी एका चावीने उघडत नाही. एक चावी हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे, आणि रोज सकाळ-संध्याकाळ दोघांना मिळूनच आत जावं लागतं. त्या वेळी दुसरी चावी माझ्याकडे होती. स्ट्राँगरूममध्ये दोघांखेरीज कुणी नसतं. संध्याकाळी पेट्या आत ठेवून झाल्यावर मी म्हटलं, "काका, थोडे दिवस कॅश सोडून दुसरं टेबल हवंय का? मी साहेबांशी बोलते, कामाच्या वाटपात बसवता येईल." काय झालंय हे मी विचारलं नाही. त्यांनी चावी फिरवली, हँडल ओढून बघितलं, आणि म्हणाले, "पंधरा दिवस जमेल?" जमलं. पंधरा दिवस ते पासबुकं भरून देण्याच्या आणि मुदत ठेवींच्या टेबलावर बसले. सोळाव्या दिवशी कॅशला परत आले आणि आठवडाभरात "टॅली" परत ऐकू यायला लागलं. काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि आमच्यात काही अडलं नाही.

माणसाच्या मनातलं कारण शोधून काढण्याचा अधिकार ऑफिसला नाही, असं माझं ठाम मत आहे. हा माणूस त्याच्या रोजच्यासारखा वागत नाहीये, एवढं दिसलं तरी पुरे, आणि ते दिसायला त्याचं रोजचं वागणं आधी माहीत असावं लागतं. मोठ्या ऑफिसांत दर सहा महिन्यांनी माणसं इकडून तिकडे हलवतात, तेव्हा सर्वांत आधी हरवतं ते हेच. नव्या साहेबांना काकांचा हसरा चेहरा दिसला असता आणि त्यांनी समाधानाने पुढचं टेबल गाठलं असतं.

काउंटरच्या काचेपलीकडच्या माणसाचं रोजचं वागणं मात्र आपल्याला माहीत नसतं. तो पाच मिनिटांसाठी येतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली, ९ तारखेला बँका बंद होत्या आणि १० ला सकाळी दार उघडलं तेव्हा रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. सुरुवातीला चार हजारांपर्यंत नोटा बदलून द्यायच्या होत्या, मग साडेचार, मग दोन. नियम बदलायचे आणि ते लोकांना आम्ही सांगायचे. त्या दिवसांबद्दल लोक रांगेतल्या रागाविषयीच बोलतात. मला आठवतात त्या घरखर्चातून वाचवलेले पैसे घेऊन आलेल्या बायका. नवऱ्याला माहीत नसलेले, सासूला माहीत नसलेले, वर्षानुवर्षं डब्यांत, उशीत, देव्हाऱ्यामागे ठेवलेले पैसे त्यांना आता सगळ्यांसमोर काचेखाली सरकवायचे होते. रागावलेल्या नव्हत्या त्या. पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होत्या. रांगेत मागे गावातलीच माणसं होती, त्यातलं कुणी तरी दीर, कुणी शेजारी, आणि क्लार्क नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारणार, "किती आहेत? अठरा हजार?"

आमच्या कॅशवरच्या एका मुलीने हे दुसऱ्याच दिवशी हेरलं. ती रक्कम तोंडाने बोलेनाशी झाली. नोटा मोजायची, रद्दी कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहायची, चिठोरा काचेखालून उलटा फिरवून त्या बाईकडे सरकवायची आणि फक्त बघायची. बाई मान डोलवायची. मुलगी चिठोरा परत ओढून फाडून टाकायची. कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या परिपत्रकात नव्हतं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन काउंटरवरही तेच सुरू झालं. दुसऱ्याचं मन ओळखणं म्हणतात ते मला त्या चिठोऱ्यात दिसतं.

त्या मुलीचं मन त्या दिवसांत कोण वाचत होतं? सकाळी लवकर यायचं, दिवसभर आवाज न चढवता प्रत्येकाला तेच सांगायचं, कुणी ओरडलं तरी शांत राहायचं, रात्री उशिरा कॅश जुळवून घरी. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या परिचारिकांवर पुस्तक लिहिलं. पगार फक्त हातापायाच्या कामाचा मिळत नाही, ठरलेली भावना चेहऱ्यावर ठेवण्याचाही मिळतो, आणि तेही श्रमच आहेत, असं त्यांनी मांडलं. त्याच पुस्तकात दुसऱ्या टोकाला त्यांनी थकबाकी वसूल करणारे लोक घेतले, ज्यांना कठोर राहण्याचा पगार मिळतो. आमच्या शाखेत ही दोन्ही कामं कधी कधी एकाच माणसाकडे असत, सकाळी काउंटर आणि दुपारी वसुली. त्या मुलीने मला एकदा सांगितलं की घरी गेल्यावर आई बोलायला लागली की तिला उत्तरच देववत नाही, शब्द संपलेले असतात. पेट्या मोजायला, नोटा मोजायला रकाने होते. हे मोजायला रकाना नव्हता. त्या वेळी शाखेने केलं ते इतकंच की दर दोन तासांनी काउंटरवरचा माणूस उठवून वीस मिनिटं मागच्या खोलीत बसवायचं आणि त्या खोलीत कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. फार उपयोग झाला.

कोविडच्या पहिल्या टाळेबंदीत बँका चालू होत्या. जनधन खात्यांतले पाचशे रुपये काढायला बायका अंतर ठेवून आखलेल्या चौकोनांत उभ्या राहायच्या. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. तेव्हा लक्षात आलं की चेहरा झाकला तरी फारसं अडत नाही, आवाजावरून कळतं. मायकेल क्राउस या मानसशास्त्रज्ञांच्या २०१७ च्या संशोधनातही, चेहरा बघत ऐकणाऱ्यांपेक्षा नुसता आवाज ऐकणाऱ्यांना समोरच्याच्या भावना अधिक अचूक ओळखता आल्या होत्या.

आता हे काम यंत्रांकडे द्यायचं चाललंय. कॅमेऱ्यातून, आवाजातून कर्मचारी खूश आहे की वैतागलाय हे सांगणाऱ्या प्रणाली विकल्या जातात. युरोपीय संघाने आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्यात कामाच्या जागी आणि शाळा-कॉलेजांत अशा यंत्रांवर बंदी घातली, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळून. २ फेब्रुवारी २०२५ पासून ती लागू झाली. आपल्याकडेही अशी बंदी यावी असं मला मनापासून वाटतं. आमच्या आंध्रातल्या मुलीला त्या यंत्राने पहिल्याच दिवशी रागीट ठरवलं असतं आणि ती नोंद तिच्या फाइलीत कायमची राहिली असती. पेन उचलायला कुणी वाकलंच नसतं. काकांना त्याने आनंदी ठरवलं असतं. आणि अशा यंत्राचा कॅमेरा कुणाकडे तोंड करून बसवतील हेही मला माहीत आहे. केबिनकडे नक्कीच नाही.

ती आंध्रातली मुलगी आता मराठवाड्यात एका शाखेची मॅनेजर आहे. सणावाराला तिचा फोन येतो, मराठीतच बोलते, आणि "बघा की" म्हणते तेव्हा माझ्या ओळखीच्या गावचा हेल त्यात असतो. मागच्या वेळी तिने सांगितलं की तिने शाखेत एक पद्धत सुरू केलीय. सकाळी दार उघडायच्या आधी हॉलमध्ये उभं राहून ती स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलते. "आज अकराला झोनल ऑफिसची व्हिडिओ कॉन्फरन्स आहे, थकबाकीवरून मला बोलणी बसणार आहेत. नंतर माझा आवाज चढला तर तो तुमच्यावर नाही, कामं घेऊन या." सुरुवातीला लोक एकमेकांकडे बघायचे. शाखेतला सर्वांत जुना क्लार्क तिला बाजूला घेऊन म्हणाला, मॅडम, साहेबाने असं बोलू नये, वचक राहत नाही. ती म्हणाली, बघू या. महिनाभर काहीच झालं नाही. मग एका सकाळी तिचं बोलून झाल्यावर कॅशवरचा मुलगा सगळ्यांसमोरच म्हणाला, "मॅडम, आज मला कॅशला नका बसवू. रात्री झोप नाही झालेली, मोजणी चुकेल." तिने कामाचं वाटप तिथेच बदललं. कॅशला तो जुना क्लार्क स्वतःहून बसला.